सेल्फ मारला, आणि कट्-कट्-कट्!

गाडी रुसली की पाच तऱ्हांनी रुसते. किल्ली फिरवली, म्हणजे आपल्या रोजच्या भाषेत सेल्फ मारला, की नुसते कान द्या.

तऱ्हा पहिली : घर्रऽऽ... घर्रऽऽऽ... घर्रऽऽऽऽ... इंजिन फिरतंय, पण पेंगत पेंगत.

तऱ्हा दुसरी : कट्-कट्-कट्-कट्-कट्! भराभर टकटक, आणि इंजिन जागचं हलत नाही.

तऱ्हा तिसरी : एकदाच ‘टक्’. बस्स, संपलं.

तऱ्हा चौथी : काहीच नाही. आवाज नाही, दिवा नाही, हॉर्नसुद्धा नाही.

तऱ्हा पाचवी : इंजिन नेहमीच्याच जोमाने फिरतंय, पण सुरू काही होत नाही.

आता गंमत बघा. पाचही वेळा गाडीभोवती माणसं जमतात आणि त्यातलं कोणीतरी छातीठोकपणे सांगतं, “बॅटरी गेली! नवी टाका.” खरंच गेली असेल का? पाचव्या तऱ्हेत तर बॅटरीवर आळ घेणं म्हणजे शुद्ध अन्याय. इंजिन जोमाने फिरतंय म्हणजे बॅटरीने आपलं काम चोख केलंय. घोटाळा पेट्रोलमध्ये किंवा ठिणगीत आहे. उरलेल्या चार तऱ्हांमध्ये संशय मुख्यतः तिघांवर घेता येतो : वीज साठवणारी बॅटरी, तिला भरणारा अल्टरनेटर आणि दोघांना जोडणाऱ्या तारा. या तिघांपैकी नेमकं कोण, हे गॅरेजमधले वायरमनकाका एका छोट्या मीटरवर तीन आकडे वाचून सांगू शकतात. कसं ते कळायला आधी त्या काळ्या डब्यात डोकावू. अर्थात लेखातूनच हं, झाकण उघडून नाही!

डब्यातले सहा कप्पे

गाडीची बॅटरी बाहेरून एक दिसते, पण आत सहा कप्पे असतात. त्यांना सेल म्हणतात. प्रत्येक कप्प्यात पाणी मिसळलेलं सल्फ्युरिक ॲसिड असतं आणि त्यात दोन जातींच्या पट्ट्या एकाआड एक उभ्या असतात. एका जातीवर साधं, सच्छिद्र शिसं. दुसऱ्या जातीवर शिसं आणि ऑक्सिजन यांचं चॉकलेटी रंगाचं संयुग, लेड डायऑक्साइड. या दोघी ॲसिडमध्ये समोरासमोर आल्या की त्यांच्यामध्ये सुमारे २.१ व्होल्ट तयार होतात. सहा कप्पे एकापुढे एक जोडलेले. करा गुणाकार! उत्तर आलं १२.६.

म्हणजे आपण जिला ‘बारा व्होल्टची बॅटरी’ म्हणतो, ती पोटभर असेल तेव्हा बारा नाही, साडेबाराच्याही किंचित वर दाखवते. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. आणि अगदी बरोब्बर १२ दाखवत असेल तर? तर ती पाव भरलेली, म्हणजे रिकामी होत आलेली! भरलेली आणि रिकामी यांच्यात जेमतेम अर्ध्या-पाऊण व्होल्टचं अंतर. म्हणूनच नुसतं ‘बारा आहे की!’ म्हणून वायरमनकाकांचं समाधान होत नाही. त्यांना पॉइंटच्या पुढचा आकडाही हवा असतो.

वीज खर्च होते तेव्हा आत काय होतं? ॲसिडमधला सल्फेट हा भाग दोन्ही पट्ट्यांवर जाऊन बसतो. तिथे लेड सल्फेटचा पांढरट थर चढतो आणि ॲसिड पातळ होत जातं. चार्जिंग सुरू झालं की हेच सगळं उलटं घडतं. सल्फेट पट्ट्या सोडून पुन्हा ॲसिडमध्ये परततं. म्हणजे बॅटरी किती भरलीय हे ॲसिड किती दाट आहे यावरूनही कळतं! भरलेल्या बॅटरीतलं ॲसिड पाण्याच्या सव्वापटीहून थोडं जड असतं. वायरमनकाकांकडे हायड्रोमीटर नावाची काचेची नळी असते. ॲसिड दाट असेल तर तिच्यातला तरंगता दांडा वर राहतो, पातळ असेल तर खाली बुडतो.

शिशाच्या पट्ट्यांची ही करामत पहिल्यांदा साधली गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने, १८५९ मध्ये. त्याने शिशाचे दोन पत्रे एकमेकांना चिकटणार नाहीत अशा बेताने गुंडाळले आणि ॲसिडमध्ये बुडवले. पुन्हा पुन्हा भरता येणारी ही जगातली पहिली बॅटरी. तेव्हा पेट्रोलवर चालणारी मोटारगाडी जन्मालाही आली नव्हती!

दोन सेकंदांचं मोठं काम

इंजिन एकदा सुरू झालं की आपलं आपण फिरत राहतं. अडचण असते ती पहिल्या फेऱ्याची. तो कोणालातरी बाहेरून द्यावा लागतो. जुन्या काळी गाडीच्या तोंडात लोखंडी हँडल खुपसून ते हाताने फिरवत. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडायचं. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनिअरने विजेचा स्टार्टर बसवला आणि हे काम बॅटरीकडे आलं. आपल्याकडच्या जुन्या ॲम्बेसेडरलाही अडीअडचणीसाठी हँडलची सोय होती. आजोबांना विचारून बघा, त्यांच्याकडे एखादा किस्सा नक्की सापडेल.

स्टार्टर ही एक छोटी, दणकट मोटर. लहान पेट्रोल गाडीतसुद्धा ती शंभर-दीडशे अँपिअर प्रवाह ओढते. तुमच्या खोलीतला छताचा पंखा अर्धा अँपिअरही घेत नाही, यावरून कल्पना करा!

मग एवढ्या ओढीने बॅटरी लगेच संपत असेल, नाही का? चला, हिशोब करू. १५० अँपिअर, दोन सेकंद. अँपिअर आणि सेकंद यांचा गुणाकार ३००. तासाचे सेकंद ३६००. म्हणजे खर्च झाला ३०० भागिले ३६००, साधारण ०.०८ अँपिअर-तास. छोट्या गाडीच्या बॅटरीत ३५ अँपिअर-तास साठा असतो. चारशे भागांतला एक भागसुद्धा खर्च झाला नाही!

आता दुसरीकडे डिकीतला इवलासा ५ वॅटचा दिवा घ्या. ५ भागिले १२, म्हणजे तो जेमतेम ०.४ अँपिअर घेतो. पण तो बारा मिनिटं जळला की झाला ०.०८ अँपिअर-तास खर्च. म्हणजे अख्खं इंजिन गरगर फिरवायला जेवढी वीज लागली, तेवढी हा बारीक दिवा बारा मिनिटांत खाऊन टाकतो! स्टार्टर मोठा घास घेतो, पण क्षणभर. दिवा कणाकणाने खातो, पण थांबत नाही. बॅटरी उतरते ती बहुतेक वेळा अशा कण खाणाऱ्यांमुळे. हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

भरणारा कोण?

इंजिन सुरू झालं की बॅटरीची पाळी संपते. आता गाडीचे दिवे, वायपर, हॉर्न, गाणी या सगळ्यांना वीज पुरवतो अल्टरनेटर, आणि बॅटरीतून गेलेल्या विजेची भरपाईही तोच करतो. गॅरेजमध्ये अजून पुष्कळजण त्याला जुन्या सवयीने ‘डायनामो’च म्हणतात. इंजिनाच्या फिरत्या चाकावरून एक रबरी पट्टा त्याच्याकडे येतो आणि त्याला गरगर फिरवतो.

त्याच्या पोटात मायकेल फॅरेडे यांचा १८३१ मधला शोध बसलाय : तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक फिरवलं की तारेत वीज निर्माण होते. अल्टरनेटरमध्ये मधोमध विद्युतचुंबक फिरतं आणि भोवती तारेची तीन वेटोळी स्थिर असतात. त्यांतून निघणारी वीज सारखी दिशा पालटते, आणि तशी वीज बॅटरीला चालत नाही. म्हणून वाटेत डायोड नावाचे पहारेकरी बसवलेले असतात. ते विजेला एकाच दिशेने जाऊ देतात.

आणखी एक पहारेकरी आहे, व्होल्टेज रेग्युलेटर. इंजिन हळू फिरो वा वेगात, व्होल्टेज साधारण १३.८ ते १४.५ च्या दरम्यान राखायचं हे त्याचं काम. साडेबाराच्या बॅटरीत वीज ढकलायची तर ढकलणाऱ्याने साडेबाराच्या वर असायलाच हवं, म्हणून हा चौदाच्या घरातला आकडा. पण आकडा १५ च्या वर गेला तरी पंचाईत. मग बॅटरीतल्या पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन असे तुकडे पडू लागतात, पाणी आटतं, बॅटरी तापते.

आणि एक मजा. ते फिरतं चुंबक मुळात चुंबक व्हायलाच थोडी वीज लागते, आणि सुरुवातीला ती बॅटरीच देते! म्हणजे भरणाऱ्यालाही आधी तिच्याकडेच हात पसरावा लागतो. बॅटरी ठार कोरडी झाली असेल तर गाडीला कितीही धक्का मारा, ती सुरू होईलच असं नाही, त्यामागे हेही एक कारण आहे.

तीन वेळा, तीन आकडे

आता आणा तो मीटर. मल्टिमीटर म्हणतात त्याला. त्याची लाल तार बॅटरीच्या ‘अधिक’ टोकावर, काळी ‘उणे’ टोकावर. टोकं तीच; फक्त वेळा तीन.

वेळ पहिली, गाडी बंद असताना. रात्रभर उभी असेल तर उत्तम. नुकतीच चालवून आणलेली असेल तर पट्ट्यांच्या वरवर साठलेल्या विजेमुळे आकडा फुगलेला दिसतो. तेव्हा वायरमनकाका आधी मिनिटभर हेडलाइट लावतात, मग बंद करून वाचतात. आकडा १२.६ च्या आसपास असेल तर पोट भरलेलं. आणि १०.५ दिसलं तर? १२.६ वजा २.१ किती होतात, बघा बरं. सहापैकी एक कप्पा पुरता बंद पडलाय! नुसत्या वजाबाकीने आतला बिघाड कळला.

वेळ दुसरी, सेल्फ मारताना. आकडा खाली येतो, यायलाच हवा. चांगली बॅटरी दहाच्या वर तग धरते. साडेनऊच्याही खाली, आठ-सातपर्यंत घसरली, तर ती अशक्त झालीय. गंमत म्हणजे अशी बॅटरी बंद गाडीत ऐटीत १२.६ दाखवू शकते! तिची खरी ताकद ओझं पडल्यावरच कळते. म्हणून एकटा पहिला आकडा वाचून कोणी ‘बॅटरी ठणठणीत आहे’ म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

वेळ तिसरी, इंजिन चालू असताना. आता मीटर बॅटरीपेक्षा अल्टरनेटरची खबर देतो. चौदाच्या आसपास असेल तर भरणं व्यवस्थित चालू आहे. इंजिन सुरू असूनही १२.३, १२.२, १२.१ असा आकडा उतरतच चालला असेल, तर अल्टरनेटर काम करत नाहीये आणि गाडी साठवणीतल्या विजेवर चाललीय. अशा वेळी नवी बॅटरी टाकली तरी काही काळाने तीही उतरणार! काही नव्या गाड्यांत संगणक हा आकडा मुद्दाम खाली-वर करतो, त्यामुळे तिथे कंपनीच्या पुस्तकात दिलेला आकडा बघावा लागतो. आणि ट्रक-बसचं काय? त्यांच्यात बहुतेक वेळा बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. तिथे सगळे आकडे दुप्पट करा.

कट्-कट् म्हणजे काय आणि टक् म्हणजे काय?

आता आपल्या आवाजांचा उलगडा करू. स्टार्टरच्या डोक्यावर एक छोटं विद्युतचुंबक असतं, सोलेनॉइड. किल्ली फिरवली की ते एक दांडा ओढतं आणि बॅटरी व स्टार्टर यांच्यातली मोठी जोडणी जुळते. तो दांडा आपटतो, त्याचाच आवाज ‘टक्’.

बॅटरी उतरलेली असेल तर काय होतं? दांडा ओढण्यापुरता जोर तिच्यात असतो. जोडणी होते, टक्! पण जोडणी होताच स्टार्टर शंभर-दीडशे अँपिअर मागतो आणि बॅटरीचं व्होल्टेज कोसळतं. व्होल्टेज कोसळलं की चुंबकाची पकड सुटते आणि दांडा मागे जातो. जोडणी तुटली की बॅटरीवरचा भार उतरतो, व्होल्टेज पुन्हा वर येतं. मग दांडा पुन्हा पुढे, टक्! पुन्हा कोसळलं, पुन्हा मागे. हे चक्र सेकंदात अनेकदा घडतं आणि आपल्याला ऐकू येतं कट्-कट्-कट्-कट्!

आणि एकच ‘टक्’ आला तर? तेव्हा मीटरकडे बघा. सेल्फ मारतानाही आकडा १२.५ वरच ठाम असेल तर बॅटरीकडून कोणी प्रवाह घेतच नाहीये. एकतर स्टार्टर बिघडलाय किंवा वाट अडलीय.

वाट अडणं म्हणजे काय ते समजायला लग्नाच्या कार्यालयात जाऊ. दोनशे पाहुणे बसलेत आणि जेवणाच्या हॉलला एकच अरुंद दार आहे. एरवी एखाददुसरा माणूस ये-जा करतो, तेव्हा दार अरुंद आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. पण “पानं वाढली होऽ” असा पुकारा झाला की सगळे एकदम निघतात आणि दारात चेंगराचेंगरी! दार सकाळपासून तेवढंच होतं. गर्दी झाली तेव्हा ते नडलं.

बॅटरीच्या टोकांवर, म्हणजे टर्मिनलवर, पांढरी-हिरवट भुकटी साठते ना, ते हे अरुंद दार. समजा, तिच्यामुळे वाटेत फक्त ०.०२ ओहमचा अडथळा आला. प्रवाह गुणिले अडथळा, म्हणजे वाटेत वाया गेलेले व्होल्ट. दोन्ही हेडलाइट मिळून ९ अँपिअर घेतात; ९ गुणिले ०.०२, वाया गेले ०.१८ व्होल्ट. दिवे झगझगीत! स्टार्टर मागतो १५०. १५० गुणिले ०.०२, म्हणजे तब्बल ३ व्होल्ट वाटेतच वाया. आता स्टार्टर कसा फिरणार? म्हणून ‘दिवे तर मस्त लागतायत, मग सेल्फ का घेत नाही?’ या कोड्याचं उत्तर अनेकदा नवी बॅटरी हे नसून गरम पाणी, खायचा सोडा आणि ब्रश हे असतं. सोडा ॲसिडला मारतो, भुकटी फसफसून निघते, टर्मिनल घट्ट आवळलं की काम फत्ते. हे काम मोठ्यांचं बरं का!

अडलेली वाट शोधायची युक्तीही छान आहे. मीटरची एक तार बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर आणि दुसरी तिला जोडलेल्या क्लॅम्पवर टेकवायची आणि कोणालातरी सेल्फ मारायला सांगायचं. आकडा जवळजवळ शून्य यायला हवा. अर्धा व्होल्ट दिसला तरी समजा, दार अरुंद झालंय. बॅटरीपासून गाडीच्या लोखंडी अंगाला जाणारी अर्थची तारही अशीच तपासतात, कारण वीज परत येते ती त्याच वाटेने.

लाल दिव्याची साक्ष

डॅशबोर्डवर बॅटरीच्या चित्राचा एक लाल दिवा असतो. तो मुख्यतः बॅटरीचा नाही, चार्जिंगचा आहे! इंजिन चालू असताना तो लागला तर त्याचा अर्थ ‘अल्टरनेटर वीज देत नाहीये’. पट्टा सैल झाला असेल (तेव्हा बॉनेटखालून चीऽऽ असं किंचाळणं ऐकू येतं), कार्बन ब्रश झिजले असतील, डायोड जळाले असतील किंवा रेग्युलेटर गेला असेल.

दुसरी बाजू मात्र फार थोड्यांना माहीत असते. इंजिन सुरू करण्याआधी, नुसती किल्ली ‘ऑन’ केल्यावर, हा दिवा लागायलाच हवा. तो लागलाच नाही तर तोही बिघाडच. कित्येक जुन्या गाड्यांत याच दिव्यातून जाणारा बारीकसा प्रवाह अल्टरनेटरच्या चुंबकाला जागं करतो. अशा गाडीत साधा बल्ब उडाला तरी चार्जिंग सुरू होत नाही!

समजा, रात्री प्रवासात हा दिवा लागला. गाडी लगेच बंद पडणार नाही, पण आता ती साठवणीवर आहे. हेडलाइट, ठिणगी, पेट्रोलचा पंप, रेडिएटरचा पंखा मिळून २० अँपिअर खात असतील तर ३५ भागिले २०, पावणेदोन तास. प्रत्यक्षात त्याहून कमीच. म्हणून जाणते चालक लगेच एसी आणि गाणी बंद करतात, जवळच्या गॅरेजपर्यंत पोहोचतात आणि वाटेत इंजिन बंद करत नाहीत. मात्र दिवा पट्टा तुटल्यामुळे लागला असेल आणि इंजिन तापू लागलं असेल, तर लगेच थांबावं लागतं. काही गाड्यांत पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर फिरतो.

रात्रीचा चोर

काही गाड्या संध्याकाळी छान चालतात आणि सकाळी ठप्प होतात. तिन्ही आकडे एरवी बरोबर! मग रात्री वीज पितं कोण? आठवतोय तो डिकीतला दिवा? झाकणाचं बटण अडकलं की तो आत जळत राहतो आणि बाहेरून दिसत नाही. ०.४ अँपिअरच्या हिशोबाने तो ३५ अँपिअर-तासांची बॅटरी सुमारे साडेतीन दिवसांत पुरती कोरडी करतो.

गाडीतलं घड्याळ, अलार्म, संगणक हे थोडी वीज घेणारच. ती ०.०५ अँपिअरपर्यंत असेल तर चालतं. जास्त असेल तर वायरमनकाका मीटर वाटेत जोडतात, गाडीतले संगणक झोपेपर्यंत थांबतात आणि एकेक फ्यूज उपसून बघतात. ज्या फ्यूजला आकडा धपकन खाली येतो, त्याच वाटेवर चोर! कधी तो बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टीम असतो, कधी अल्टरनेटरमधला फुटलेला डायोड.

मारतो उन्हाळा, नाव हिवाळ्याचं

‘थंडीत बॅटरी जाते’ असं म्हणतात. ते अर्धंच खरं. थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि इंजिनातलं ऑइल घट्ट होतं, म्हणून सेल्फला जास्त जोर लागतो. पण बॅटरीचं आयुष्य खरं झिजतं ते उन्हाळ्यात. नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या घरात जातो तेव्हा बॉनेटखाली त्याहूनही जास्त तापतं. पाणी उडून जातं आणि पट्ट्यांच्या जाळ्या लवकर गंजतात. मे महिन्यात खिळखिळी झालेली बॅटरी डिसेंबरच्या पहाटे उघडी पडते आणि बोल मात्र थंडीला लागतो.

बॅटरी उतरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे पडून राहिली तरी घात होतो. पट्ट्यांवरच्या सल्फेटचे बारीक कण मोठे, टणक खडे बनतात आणि चार्जिंगने ते सहजी निघत नाहीत. म्हणून गाडी वापरात नसली तरी अधूनमधून चांगली लांब फिरवून आणावी. दोन मिनिटं इंजिन चालू करून बंद करण्याने फारसं काही साधत नाही.

हे मात्र करायचं नाही

बॅटरीतून हायड्रोजन वायू निघू शकतो आणि तो ठिणगीने भडकतो. तिच्यातलं ॲसिड कातडी आणि डोळे भाजतं. पाना चुकून दोन्ही टर्मिनलना टेकला तर तो लालबुंद होऊ शकतो. म्हणून बॅटरीजवळ मोठी माणसं असतानाही तुमचं काम बघण्याचं आणि प्रश्न विचारण्याचं. जंपर केबल लावताना मोठे लोक शेवटचं काळं टोक उतरलेल्या बॅटरीला न लावता इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावतात. का? शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते, ती हायड्रोजनपासून लांब उडावी म्हणून!

आणि कोणी म्हणालं, “इंजिन चालू ठेवून बॅटरीची तार काढून बघू, गाडी बंद पडली तर अल्टरनेटर खराब,” तर त्यांना थांबवा. जुन्या डायनामोच्या काळात हे खपून जायचं. आजच्या गाडीत तार काढताच व्होल्टेज एकदम उसळतं आणि महागडे संगणक जळू शकतात.

जुनी बॅटरी भंगारात फेकायची नाही. तिच्यातलं शिसं विषारी आहे, लहान मुलांच्या मेंदूला तर फारच. आणि तेच शिसं वितळवून नव्या बॅटरीसाठी पुन्हा वापरता येतं. जुन्या बॅटऱ्या परत घेण्याचे नियम आपल्या देशात २००१ पासून आहेत, २०२२ मध्ये नवे आले. नवी घेताना जुनी दुकानदाराला द्यायची, एवढं सोपं आहे.

तुम्हाला वाटेल, आता विजेच्या गाड्या आल्या, हे सगळं संपलं. तर ऐका! बहुतेक विजेच्या गाड्यांमध्येही मोठ्या बॅटरीखेरीज एक छोटी बारा व्होल्टची बॅटरी असतेच. दाराची कुलुपं, संगणक आणि मोठ्या बॅटरीचा मुख्य स्विच तीच चालवते. ती उतरली तर शेकडो किलोमीटर पळायची ताकद पोटात असूनही गाडी जागी होत नाही.

तेव्हा मुलांनो, पुढच्या वेळी गाडीभोवती जमलेल्या घोळक्यातून “बॅटरी गेली!” अशी आरोळी आली, की तुम्ही एकच प्रश्न विचारायचा : “काका, तीन आकडे किती आले?” उत्तर नसेल, तर आधी मीटर आणा, मग बॅटरी.